पाटावरचा रिमोट

खंडेनवमीच्या सकाळी प्रज्योत डिचोलीच्या बाजारातून झेंडूची फुलं घेऊन निघाला, तेव्हा त्याच्या डोक्यात ना फुलं होती ना देव. दुपारच्या फायनलशिवाय त्याला काही सुचत नव्हतं. स्कूटर चालवतानाही त्याचे अंगठे हँडलवर आपोआप हलत होते.

या फायनलचं एवढं काय, ते आधी सांगायला हवं. प्रज्योतचा बाप सगुण गावस जन्मभर खाणीवरून जेटीवर खनिजाचा ट्रक हाकत आला. खाणी बंद पडल्या, ट्रक विकला, आणि अंगणाच्या कडेचं ट्रकचं पत्र्याचं शेड ओस पडलं. त्या शेडमध्ये प्रज्योतने एक मोठा टीव्ही, एक कन्सोल आणि प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून खेळाची खोली काढली. कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडायची खेळाची पेटी, आणि ती चालवायला दोन हातांत धरायचा बटणांचा रिमोट. सुरुवातीला कॉलेजची पोरं चपला दाराबाहेर काढून नंबर लावून बसायची. मग एकेक पोर मोबाईलवर वळलं. ज्याच्या खिशातच खेळ, तो पत्र्याखाली घाम गाळायला कशाला येतोय? शेवटी दोन-चार इमानी पोरं उरली, तीही पाऊस असला की यायची नाहीत.

सगुण हे सगळं बाल्कांवातल्या, म्हणजे दारापुढच्या पडवीतल्या, दगडी सोप्यावर बसून बघत होता. त्या पेटीला त्याने 'खेळणें' याखेरीज दुसरं नाव कधी दिलं नाही. बाप-लेकाचं थेट बोलणं तर कधीचंच आटलं होतं. दोघांचे निरोप सुमंगला, म्हणजे प्रज्योतची आई, इकडून तिकडे पोचवायची आणि वाटेत त्यातले काटे काढून टाकायची. चवथीत, म्हणजे गणपतीच्या दिवसांत, सगुणने तिच्याच तोंडून निकाल पाठवला होता: दसऱ्यापर्यंत बघतो, मग शेड मोकळं करायचं आणि मुरगावला बाबलीकडे जायचं. बाबली हा सगुणचा चुलतभाऊ, बंदरात माणसं कामाला लावून देणारा. त्यावर प्रज्योतने उलट निरोप धाडला, की राज्याच्या संघात निवडलो गेलो तर? दोन दिवसांनी उत्तर आलं, "मागीर पळोवया."

त्या 'पळोवया'वर, त्या 'मग बघू'वर, पोरगा महिनाभर जगत होता. पणजीच्या एका मंडळाने स्पर्धा भरवली होती आणि मुद्दामच वादाला फोडणी दिली होती: मोबाईल कन्सोलची बरोबरी करू शकतो का? फुटबॉलचा खेळ एकच, तो दोन्हींवर चालायचा, ज्याला ज्यावर खेळायचं त्याने त्यावर, घरबसल्या नेटवरून खेळावं. जिंकेल तो राज्याच्या संघात. प्रज्योत कन्सोलवर एकेकाला लोळवत फायनलला पोचला. समोर आली मांद्र्याची रूपाली. एका गेस्टहाऊसच्या काउंटरवर बसायची आणि पाहुणे चहा पिऊन होईपर्यंत मोबाईलवर दोन मॅच जिंकायची.

घरातही हा वाद धुमसतच होता. प्रज्योतची धाकटी बहीण गौरवी मोबाईलवाली. "मोबायलार खेळप म्हणजे दुकानांतल्या चित्रांतलें जेवण जेवप," असं तो तिला चिडवायचा. "वजन ना, धरपाक बटण ना. आंगठो दवरलो काय अर्दें मैदान ताचेआड लिपलें." गौरवीही काही कमी नव्हती. "तुजी पेटी वीज गेली काय मेली. तिका टीवी लागता, सॉकेट लागता, शेड लागता. तुजो खेळ म्हणजे न्हवरो, दादा. सगळे वरातीकार हाडल्याबगर येना."

तर असा हा प्रज्योत फुलं घेऊन आला, पिशवी पायरीवर ठेवली आणि हात फिरवून घ्यावा म्हणून तडक शेडात गेला. बघतो तर टीव्हीखालचा कप्पा रिकामा. वायरी लोंबत होत्या. कन्सोल नाही, दोन्ही रिमोट नाहीत.

चोरी! नेमकी आजच? तो धावत घरात आला. "आई, शेडांत कोण आयिल्लो?"

सुमंगला स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. तिने नुसती मान देवघराकडे वळवली.

देवापुढे मोठा पाट मांडला होता. दरवर्षी मांडतात तोच. त्यावर सगुणच्या ट्रकचा जॅक आणि चाकं काढायचा पाना, ट्रक विकला तरी ठेवून घेतलेले. बाजूला सुमंगलाची आदोळी, जिच्यावर बसून ती नारळ खवायची, आणि तिची शिवणाची कात्री. आणि त्या सगळ्यांच्या मधोमध, तांदळाच्या राशीवर, कन्सोल. दोन्ही बाजूंना दोन रिमोट. प्रत्येकावर जास्वंदीचं एकेक फूल, आणि कन्सोलच्या काळ्या पाठीवर कुंकू.

"आई, हें कितें केलें तुवें?" त्याचा आवाज चिरकला. "म्हजी मॅच आसा आज!"

"म्हजें न्हय तें," सुमंगला हळूच म्हणाली. "तुज्या बाबान दवरलां. तूं बाजारांत गेल्लो तेन्ना."

प्रज्योतने पुन्हा पाटाकडे पाहिलं. आई कुंकू लावते ते अनामिकेने, गोल, रेखीव. हे कुंकू तसं नव्हतं. हा अंगठ्याने ओढलेला लांब, जाड फराटा होता. दर दसऱ्याला ट्रकच्या बंपरवर असायचा तसाच. लहानपणी तो फराटा ओढताना बापाने त्याला खांद्यावर घेतलेलं असायचं.

त्याला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदमच. इतकी वर्षं हा माणूस पेटीला खेळणं म्हणत आला. घरात पाटावर काय ठेवतात? ज्यावर घर चालतं ते. जॅक ठेवतात, आदोळी ठेवतात, खेळणं कुणी ठेवत नाही. बापाने न बोलता पेटीला कामाचं हत्यार मानलं होतं, आणि तेही नेमकं आज, जेव्हा त्या हत्याराला हात लावता येत नाही.

कारण पाटावर चढलेलं आयुध दसऱ्याच्या सकाळी अक्षता पडेपर्यंत हलवायचं नाही. हा रिवाज तर घरोघरी आहे. पुस्तकं पूजेला ठेवली की पोरंदेखील आनंदाने तो पाळतात. पण गावसांच्या घरात त्याला धारही होती. खाणींच्या भरभराटीच्या काळात, बोट भरायची घाई म्हणून, सगुणने एका नवमीला पूजलेला ट्रक बाहेर काढला होता. जेटीच्या उतारावर ब्रेक लागले नाहीत. ट्रक कलंडला आणि सगुणचा उजवा गुडघा कायमचा गेला. ब्रेक जुने होते हे सगुणला ठाऊक होतं, मालकालाही ठाऊक होतं. पण सुमंगलाला विचाराल तर ती एकच कारण सांगेल: पूजलेला ट्रक हलवला.

फायनलची तारीख प्रज्योतला महिनाभर आधी माहीत होती. नवमी आहे हेही माहीत होतं. पण आपल्या पेटीला कुणी हार घालेल ही शंकाच त्याला कधी आली नाही, मग बापाला सांगून ठेवायचं कशाला सुचेल?

त्याचा हात पुढे गेला. वायर लावायची, खेळायचं, परत आणून ठेवायचं. देव काही घड्याळ लावून बसलेला नाही. बोटं जास्वंदीच्या फुलापर्यंत पोचली.

बाहेर बाल्कांवात सगुण खोकला.

प्रज्योतने हात मागे घेतला.

"हांव तुज्या बाबाक सांगूं?" सुमंगलाने विचारलं. "मॅच आज आसा हें तांकां खबर ना."

"नाका." तो घाईने म्हणाला. "आई, नाका सांगूं. तुका म्हजी शपथ."

सांगितलं तर बाप स्वतः उठून पेटी काढून देईल, हे त्याला पक्कं कळत होतं. आणि यापुढे ती पाटावर कधीच ठेवणार नाही, हेही.

राहिला एकच मार्ग, आणि तो मागच्या खोलीत लोळत होता.

"गौरवी, तुजो मोबायल दी."

गौरवीने आधी त्याच्याकडे, मग त्याच्या पसरलेल्या हाताकडे पाहिलं. "कित्याक? चित्रांतलें जेवण जेवंक?"

"चेडवा, मस्करी नाका." त्याचा चेहरा पाहून तिचं हसू जागीच विरलं. त्याने सगळं सांगितलं. ती उठून देवघरात डोकावून आली आणि फोन त्याच्या हातात ठेवला. प्रज्योतचा स्वतःचा मोबाईल फुटक्या काचेचा होता आणि खेळ उघडला की तव्यासारखा तापायचा. तो फार तर कॅमेऱ्याला चालला असता.

गौरवीने पणजीला फोन लावला. तिकडच्या माणसाने नियम सांगितला, खेळा कशावरही, पण खातं तुमचंच पाहिजे आणि खेळताना तोंड कॅमेऱ्यात दिसलं पाहिजे. म्हणजे त्याच्या जागी गौरवी खेळणार ही वाटही बंद झाली. खोटेपणा तसा दोघांनाही जमला नसता म्हणा, पण मनात येऊन गेला खरा.

मग शेडात दार लोटून शिकवणी सुरू झाली, आणि तिथे प्रज्योतचं पितळ उघडं पडलं. तालुक्यातला पहिल्या नंबरचा खेळाडू, पण त्याचे जाड अंगठे काचेवर घसरत होते. पास द्यायला जावं तर चेंडू बाहेर. कन्सोलवर त्याची उजवी तर्जनी रिमोटच्या पाठीमागचं बटण दाबायची, की त्याचा गडी वाऱ्यासारखा सुटायचा. इथे तीच तर्जनी फोनच्या गुळगुळीत पाठीवर दाबत राहायची, आणि गडी देवळातल्या खांबासारखा उभा.

"फाटल्यान कितें दाबता?" गौरवी ओरडायची. "थंय कांयच ना! पळोवन खेळ, काचेर!"

"हात आयकना गो."

"दाबूं नाका, ओड. बोट ओडलें काय तो धांवता." ती समोर गुडघे टेकून बसली होती. "तूं मोबायलाक कन्सोल समजून खेळता दादा. तो वेगळो आसा. ताका ताच्या मनाप्रमाण घे."

सुमंगलाने जेवायला हाक मारली. प्रज्योत गेला नाही. तिने दुसऱ्यांदा हाक मारली नाही. सगुणला मात्र पानावर बसल्या बसल्या ते जाणवलं असावं, कारण त्याने प्रज्योतच्या बसायच्या रिकाम्या पाटाकडे दोनदा पाहिलं.

मॅच सुरू झाली. फुटक्या मोबाईलचा कॅमेरा खुर्चीवर टेकवला होता, त्याच्यामागे गौरवी. पडद्याच्या कोपऱ्यात रूपालीचा चेहरा दिसत होता. मागे किल्ल्या टांगलेला बोर्ड, आणि कपाळावर आठीसुद्धा नाही.

ती झपाट्याने खेळायची. प्रज्योत बचाव लावेपर्यंत तिने पहिला गोल केलाही. कन्सोलवर असता तर त्याने तो गोलीच्या, म्हणजे गोलरक्षकाच्या, एका उडीत अडवला असता. इथे त्याचाच अंगठा गोलीच्या डोक्यावर होता, त्यामुळे चेंडू कुठून आला तेच दिसलं नाही. गौरवीने कपाळाला हात लावला. त्याला वाटलं, फोन उचलून भिंतीवर मारावा. सगळं गेलं, शेड गेलं, आणि गेलं कशामुळे, तर एका कुंकवाच्या फराट्यामुळे.

मग काय झालं कोण जाणे. चिडून त्याने बटणं शोधणंच सोडून दिलं आणि डाव्या कोपऱ्यातून एक लांब बोट ओढलं. गडी सुटला. पुन्हा ओढलं, दोघांच्या मधून निघाला. अंगठा टेकवून उचलला, आणि चेंडू जाळ्यात. एक-एक. गौरवी आवाज न करता जागच्या जागी उड्या मारू लागली. तेवढ्यात अर्ध्या वेळेची शिटी झाली.

तेव्हाच दार करकरलं. सगुण उभा होता, चौकटीला धरून.

त्याने रिकामा कप्पा पाहिला, बंद टीव्ही पाहिला, पोराच्या हातातला पोरीचा फोन पाहिला. "आज कितें आसा?" त्याने विचारलं. आणि हे त्याने थेट प्रज्योतला विचारलं, मध्ये सुमंगला नव्हती.

त्याच्याआधी गौरवीनेच सगळं भडाभडा सांगून टाकलं. आज फायनल, राज्याचा संघ, पेटी पाटावर, दादाने शपथ घातलेली, सगळं.

सगुणचा चेहरा उतरला. एवढा मोठा गडी, पण चूक सापडलेल्या शाळकरी पोरासारखा दिसला. "म्हाका खबर नासली," तो पुटपुटला. मग वळला, आणि तो मोडका गुडघा ओढत घराकडे चालू लागला. "राव. हांव हाडटां पेटी."

त्या माणसाने एकदा नवमीला पाटाचा रिवाज मोडला होता आणि अजून तो लंगडत होता. आता पोरासाठी पुन्हा मोडायला निघाला होता.

"बाबा!" प्रज्योत खुर्चीतून उठला. "नाका. पूजलेलें हालवंक जायना."

"अरे, पूण तुजी मॅच—"

"तुमी दवरलां. रावूं दियात तें थंय."

सगुण अंगणात तसाच उभा राहिला. ऊन रणरणत होतं. मग तो परत आला, दाराजवळची प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि बसला. त्या शेडात, त्या खुर्चीत, तो पहिल्यांदाच बसत होता.

दुसरा डाव सुरू झाला. रूपाली दोन्ही बाजूंनी चढून येत होती आणि प्रज्योत दातओठ खाऊन परतवत होता. सगुणला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी पोराचं बोट वळलं की त्याची मान वळत होती. एकदा चेंडू खांबाला लागून परतला तेव्हा तो "आरे देवा" म्हणाला, कुणाच्या बाजूने ते त्यालाही ठाऊक नसावं.

वेळ संपत आली. प्रज्योतला चेंडू मिळाला आणि पुढे मैदान मोकळं. एकटा गोली. आता फक्त पळायचं होतं. बोट ओढायचं होतं, एवढंच.

आणि त्याच्या उजव्या तर्जनीने फोनच्या पाठीवर दाबलं. जोरात, जीव तोडून, वर्षानुवर्षांच्या सवयीने. तिथे बटण नव्हतं. गडी उभाच राहिला. रूपालीच्या गड्याने चेंडू अलगद काढून घेतला, एक लांब पास दिला, आणि शिटी वाजायच्या आत गोल झाला. दोन-एक.

प्रज्योतने फोन मांडीवर ठेवला. त्या तर्जनीचा त्याला इतका राग आला की तोडून टाकावंसं वाटलं.

पडद्यावर रूपाली कपाळाला आठी घालून बघत होती. "तुमी कन्सोलार खेळपी न्हय? आज मोबायलार कशे?"

"आज खंडेनवमी," प्रज्योत म्हणाला. "पेटी पाटार आसा."

"आमच्याय काउंटरावयलो कंप्युटर पाटार आसा," रूपाली म्हणाली. "बुकिंगां सकाळपासून मोबायलार घेतां. मोबायलाक कोण पूजता?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "परत केन्नाय कन्सोल घेवन बसात. म्हाका पळोवपाचें आसा."

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. सगुण उठला आणि घरात निघून गेला. प्रज्योतला त्या पाठीचा अर्थ कळला. म्हणजे त्याला तसं वाटलं. 'पळोवया' म्हणालेल्या माणसाने पाहून घेतलं होतं. त्याने गौरवीच्याच फोनवरून बाबलीकाकाला फोन लावला. बाबलीने उचलला नाही. मग त्याने निरोप बोलून ठेवला, "काका, प्रज्योत उलयतां. दसरो जालो काय कामार येतां." हे म्हणताना त्याचा आवाज अजिबात कापला नाही. कापला असता तर बरं झालं असतं, असं गौरवीला वाटलं.

दसऱ्याच्या सकाळी सगळे आंघोळी करून पाटाभोवती जमले. सगुण अक्षतांचं तबक घेऊन पुढे वाकला, तोच प्रज्योतने गौरवीचा मोबाईल घेतला आणि रिमोटच्या शेजारी पाटावर ठेवला.

"आरे, ताची पूजा काल जावंक ना," सुमंगला म्हणाली.

"काल म्हजी लाज तेणेंच राखली, आई. दोन अक्षता ताकाय पडूं दी." त्याने गौरवीकडे पाहिलं. "तो कन्सोल न्हय. पूण खेळणेंय न्हय."

गौरवी चक्क लाजली. सगुणने कुंकवात अंगठा बुडवला, मोबाईलच्या पाठीवरही एक जाड फराटा ओढला, आणि सगळ्या आयुधांवर अक्षता टाकल्या. तेवढ्यात तांदळांत थरथर झाली. मोबाईल वाजू लागला.

"उचलूं नाका, पाटार आसा!" सुमंगला ओरडली.

"अक्षता पडल्यो. उचल," सगुण म्हणाला.

गौरवीच्या हाताला कुंकू लागलं होतं, म्हणून तिने एका बोटाने फोन मोठ्या आवाजावर लावला. बाबलीचा आवाज आला, मागे बंदरातल्या क्रेनांची घरघर.

"प्रज्योत? तुजो निरोप आयकलो रे. पूण हांव कोणाचें आयकूं? तूं म्हणटा येतां. तुज्या बापायन काल फांतोडेर फोन करून म्हाका उठयलो आनी सांगलें, म्हजो चलो येवचो ना, ताका स्वताचें काम आसा, ताचें आयुध हांव आज पाटार दवरतां. आतां तुमी बापूय-पूत आदीं आपसांत उलयात, मागीर म्हाका फोन करात!"

फोन बंद झाला. पहाटे. मॅचच्या आधी, बाजाराच्या आधी. म्हणजे ज्यासाठी तो काल घाम गाळत होता, बोटाला शिव्या देत होता, ते त्याला मॅच सुरू होण्याआधीच मिळालं होतं, आणि दिवसभर तिथे, देवासमोर, कुंकू लावून ठेवलेलं होतं. काल जर त्याने ते पाटावरून ओढून काढलं असतं तर?

सगुणने कन्सोलवरचं सुकलेलं फूल बाजूला केलं. एक रिमोट उचलला, खाचांत अडकलेले तांदूळ नखाने काढले आणि पोरापुढे धरला.

"बाबा," प्रज्योतचा आवाज आता कापला. "तर म्हाका काल सांगलें कित्याक ना?"

सगुणने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू पोरगा काहीतरी खुळ्यासारखं विचारतो आहे.

"पाटार दवरलें न्हय?" तो म्हणाला. "आनी कशें सांगतात?"